आई-बाप व्हायला शाळा कशाला?

ताई, नमस्कार.

माझं वय ३९, मिस्टरांचं ४३. लग्नाला चौदा वर्षं झाली. तीन वेळा आयव्हीएफ केलं आणि मग थांबलो. दोन वर्षांपूर्वी दत्तकासाठी नोंदणी केली, दोन ते चार वर्षांचं मूल चालेल असं लिहिलं. संस्थेच्या ताई घरी येऊन होम स्टडी करून गेल्या. आता पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार पालकांची कार्यशाळा ठेवली आहे आणि दोघांनीही या, असं सांगितलंय. मिस्टर म्हणतात, "आई-बाप व्हायला शाळा कशाला? माझ्या भावांनी कुठला कोर्स केला होता? कागद दिले, घर दाखवलं, पगार दाखवला, आता वर्गात बसायचं?" मला म्हणतात, तू एकटी जा. माझा एक दीर शिकागोजवळ राहतो. तिथे त्याच्या शेजाऱ्यांना मूल घरी आणण्याआधी २७ तासांचं ट्रेनिंग करावं लागलं, हे ऐकल्यापासून तर हे अमेरिकेचं खूळ इकडे आलंय असंच त्यांचं ठरलंय. माझी भीती वेगळी आहे. तिथे माझ्या तोंडून काही चुकीचं निघालं आणि आम्हाला नापास केलं तर? सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांचा विरोध नाही, पण "आधी मूल येऊ दे, मग शिकवा" म्हणतात. शिवाय मूल जाणतं होईपर्यंत त्याला दत्तकाचं काही सांगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की फॉस्टर केअरमध्ये नाव घातलं की मूल लवकर मिळतं. खरं आहे का?

— वाट पाहणारी एक, सांगली

नमस्कार,

जा. दोघंही जा. आणि तुमच्यापेक्षा तुमच्या मिस्टरांनी जाणं जास्त गरजेचं आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते. हे पुढचं त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

शिशुगृहात मुलाला अंघोळ घालतात मावशी, भरवतात मावशी, रात्री पाळण्यांमधून फिरतात त्याही मावशी. डॉक्टर येतात ते बहुतेक सुई घेऊन. दाढीमिशी असलेला, जाड आवाजाचा, रोज आपल्याला उचलून घेणारा माणूस यातल्या कित्येक मुलांनी पाहिलेलाच नसतो. असं मूल घरी आलं की आईला चिकटतं आणि बाबा खोलीत आले की भोकाड पसरतं. एक दिवस नव्हे, कधी तीन-तीन आठवडे. चौदा वर्षं ज्याने वाट पाहिली, त्याच्या हातून मूल पाण्याचा पेला घेत नाही. मी असे बाप पाहिलेत. उशिरापर्यंत ऑफिसात थांबायला लागतात, कारण घरी गेलं की मूल रडतं. आणि मग बायकोला वाटतं की यांना मूल नकोच होतं.

हे आधी कळलेलं असेल तर तोच बाप काय करतो? दाराशी उभा न राहता जमिनीवर बसतो. मुलाकडे टक लावून बघत नाही, आपला कांदा चिरत बसतो. रोज ठरलेल्या वेळी तीच दोन बिस्किटं जवळ ठेवतो. मूल स्वतःहून सरकत सरकत कधी येतं त्याची वाट बघतो. ते येतंच. कार्यशाळेत शिकायचं ते हे असलं काही. वाढदिवसाला भेट काय द्यावी किंवा अभ्यास कसा घ्यावा, यासाठी कोणी तुम्हाला सांगलीहून बोलावत नाही.

भावांनी कोर्स केला नव्हता, हे खरं. पण त्यांची मुलं त्यांच्याकडे आली तेव्हा कोणाला मागे सोडून आली नव्हती. तुमच्याकडे येणारं मूल दोन-तीन वर्षांचं आयुष्य पाठीवर घेऊन येईल. त्यात एक आई आहे, जिची आठवण त्याला असेल-नसेल. एक मोठी खोली आहे, जिथे रात्री दिवा चालूच असे आणि शेजारी पाच-सहा श्वास ऐकू येत. एक मावशी आहे, जिने त्याला चालायला शिकवलं. तुम्ही त्याला घरी आणाल तो दिवस तुमच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा असेल आणि त्याच दिवशी त्याची ओळखीची सगळी माणसं एकदम नाहीशी होतील.

मी वीसहून अधिक वर्षं दत्तक देणाऱ्या एका संस्थेत समाजकार्यकर्ती होते. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे कार्यशाळा वगैरे काही नव्हती. होम स्टडी करायची म्हणजे पगाराचा दाखला बघायचा, घरात खोल्या किती, पाणी किती वेळ येतं, तब्येतीचं सर्टिफिकेट आणि ओळखीच्या दोघांची पत्रं घ्यायची. असाच एक अहवाल मी लिहिला आणि साडेचार वर्षांची एक मुलगी चांगल्या घरात गेली. घर खरंच चांगलं होतं. सहाव्या आठवड्यात ते दोघं तिला घेऊन परत आले.

आई रडत सांगत होती, "ही चोरी करते. गादीखाली पोळ्या लपवते, मुंग्या होतात. उलटी होईपर्यंत खात राहते. पडली, गुडघा फुटला तरी रडत नाही. घरी येईल त्या बाईला आई म्हणून मिठी मारते आणि मी अंघोळीला नेलं की किंचाळते. हिला आमच्याबद्दल काही वाटतच नाही."

यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मला ठाऊक होतं. संस्थेत जेवण घंटेवर मिळतं, ताट एकदाच भरतं, पुढचं जेवण कधी हे मुलाच्या हातात नसतं, म्हणून ते साठवतं. रडल्यावर दर वेळी कोणी येतंच असं नसतं, म्हणून ते रडणं सोडून देतं. मावश्या बदलत राहतात, म्हणून कोणालाही बिलगायचं ते शिकतं. मला हे सगळं माहीत होतं आणि त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. ती मुलगी नव्या कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन आत आली आणि मावशीला तिने एवढंच विचारलं, "जेवण झालं का?"

दीड वर्षांनी तिला दुसरं घर मिळालं. त्या जोडप्याला आम्ही सहा-सात संध्याकाळी बोलावून घेतलं, मावश्यांबरोबर बसवलं. त्यांनी स्वयंपाकघरात तिच्या हाताला येईल अशा फळीवर चुरमुऱ्यांचा एक डबा ठेवला आणि सांगितलं की हा तुझा, हा कधीच रिकामा होणार नाही. सुरुवातीला ती रात्री उठून डबा उघडून बघायची. काही महिन्यांनी बघायची थांबली. दोन घरांमध्ये प्रेमाचा फरक नव्हता, असं मी आजही मानते. दुसऱ्या घराला काय येणार आहे ते ठाऊक होतं, इतकाच फरक.

हा एकटदुकट प्रकार समजू नका. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत देशभरात दत्तक दिलेली ११०० हून अधिक मुलं संस्थांमध्ये परत आली आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. महाराष्ट्रात दत्तकही जास्त होतात, तेव्हा आकडा मोठा दिसणारच. पण असंच परत आलेलं एक मूल मी दारात उभं राहिलेलं पाहिलंय, त्यामुळे मला तो नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही. मोठ्या वयाच्या मुलांच्या बाबतीत जुळवून घेणं अवघड जातं, हे कारण त्यात वारंवार येतं. तुम्ही दोन ते चार वर्षं लिहिलंत. मनापासून लिहिलंत, त्याबद्दल तुमचं कौतुक. पण तयारीही त्या वयाची हवी.

आता नापास होण्याबद्दल. ही परीक्षा नाही. दत्तकाच्या २०२२ च्या नियमावलीत पालकांच्या समुपदेशनाची तरतूद आहेच आणि जुलै २०२५ मध्ये 'कारा'ने, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, दत्तकाआधी, दत्तकाच्या वेळी आणि नंतरही समुपदेशन पक्कं करा, असं सगळ्या राज्यांना कळवलं. ते कसं करायचं, हे संस्थेगणिक बदलतं. कुठे दोन दिवसांची कार्यशाळा, कुठे चार बैठका, कुठे एका दुपारच्या गप्पा. तुम्हाला दोन दिवस देणारी संस्था मिळाली, हे मी तुमचं भाग्य समजते.

तिथे चुकीचं बोललात तर? बोला की. चुकीचं बोलायची जागा तीच आहे. "मूल काळं असलं तर आमच्या घरात बोलतील", "त्याची जात कोणती ते कळतं का", "आई कोण होती काय माहीत, तसंच निघालं तर", "मला त्याच्याबद्दल काही वाटलंच नाही तर" हे सगळं मी त्या खोलीत ऐकलं आहे. भल्या, सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. हे बोलणाऱ्यांची मला कधी काळजी वाटली नाही. दोन दिवस हाताची घडी घालून, "आमचं सगळं छान आहे, मूल कधी मिळेल तेवढं सांगा" म्हणणाऱ्यांची मात्र वाटायची. हेही खरं की समाजकार्यकर्त्यांचं तुमच्याकडे लक्ष असणार. कोणी "पटलं नाही तर परत देता येतं ना?" असं विचारलं तर त्यांच्याशी त्या पुन्हा बसून बोलतील. बोलायलाच हवं.

पहिल्या सत्रात मुलांचा विषय कदाचित निघणारही नाही. तुमचाच निघेल. तीन वेळा आयव्हीएफ, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या तीन शब्दांत किती इंजेक्शनं, किती कर्ज, किती वेळा बाथरूममध्ये नळ सोडून रडणं आहे, ते तुम्हालाच माहीत. जे बाळ झालं नाही, त्याचा एक चेहरा आपण मनात तयार केलेला असतो. त्याला नीट निरोप दिला नाही तर तो चेहरा घरातच राहतो आणि नव्याने आलेल्या मुलाची तुलना रोज त्याच्याशी होते. म्हणून हे सत्र. इथे बायका बोलतात आणि पुरुष पहिल्यांदाच रडतात, हे मी बऱ्याचदा पाहिलं. तुमच्या मिस्टरांचा राग मला कळतो. चौदा वर्षं कोणी ना कोणी त्यांना तपासतंय. डॉक्टरांनी तपासलं, नातेवाइकांनी तपासलं, मग संस्थेने घर तपासलं. आता पुन्हा कोणीतरी आपल्याला मोजणार, असं त्यांना वाटत असेल. त्यांना "चला ना" म्हणण्याआधी एकदा हे विचारून बघा.

कायद्याचं सत्र लवकर संपेल. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेचा फॉलो-अप असतो, होम स्टडीचा अहवाल तीन वर्षं चालतो, असं सगळं. ते कागदावरही मिळतं. मन लावून ऐकायचं ते दुसरं एक.

एक दिवस तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल. पोर्टलवर एका मुलाचा फोटो, त्याची माहिती आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल दिसेल. ते मूल राखून ठेवायचं की नाही, हे ठरवायला तुम्हाला ४८ तास मिळतील. नंतर संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, कागदपत्रं बघायची आणि स्वीकृती द्यायची, यासाठी ३० दिवस असतात. पण पहिली उडी त्या ४८ तासांतली. त्या दोन दिवसांत घरात काय होतं, सांगते. आत्याबाईंचा फोन येतो, कोणीतरी फोटो बघून "नाक जरा…" म्हणतं, अहवालात "वजन कमी, विकासात थोडा उशीर" असं दिसतं आणि सगळ्यांचं धाबं दणाणतं. संस्थेत वाढलेलं दोन वर्षांचं मूल थोडं उशिरा बोलतं, थोडं बारीक असतं. त्यातलं बरंचसं घरच्या जेवणाने आणि मांडीवर बसून भरून निघतं. सगळंच भरून निघतं असं मात्र नाही. यातला फरक ओळखायला कार्यशाळेत डॉक्टर तुम्हाला अहवाल कसा वाचायचा ते सांगतील. तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना आत्ताच गाठून ठेवा, "असा अहवाल आला तर त्याच दिवशी बघाल ना?" एवढं विचारून ठेवा. आणि कुठल्या गोष्टी आपल्याला झेपतील, कुठल्या नाहीत, हे तुम्ही दोघं आत्ता, शांतपणे, खरं खरं बोलून घ्या. नाही म्हणायचं असेल तर ते आत्ता म्हणणं त्या मुलावर उपकार आहेत.

आणखी एक. तुम्ही दुसऱ्या राज्यांचा पर्याय दिला असेल, तर येणारं मूल मराठी बोलणारं असेलच असं नाही. ओडिया किंवा तेलुगूमध्ये "पाणी", "भूक", "झोप", "दुखतंय", "घाबरू नको" एवढे शब्द तरी शिकून घ्यावे लागतील. मूल भेटल्यावर मावश्यांकडून ते लिहून घ्या. ते कुठल्या कुशीवर झोपतं, कुठलं गाणं म्हणतात, भात मऊ लागतो की मोकळा, तेही लिहून घ्या. नाव लगेच बदलू नका. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून तेवढंच एक आहे. पुढे घरचं नाव जोडता येतं.

शिकागोचं म्हणाल, तर तुमच्या दिरांनी सांगितलं ते बहुधा 'प्राइड' नावाचं प्रशिक्षण असणार. ते इलिनॉय राज्यातच तयार झालं आणि तीन-तीन तासांच्या नऊ बैठका म्हणजे २७ तासच होतात. तिथे घरात मारहाण किंवा हेळसांड झालेली मुलं आधी फॉस्टर घरात, म्हणजे काही काळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात, जातात, त्यांतली काही परत जन्मदात्या आई-बापांकडे जातात. म्हणून त्या प्रशिक्षणात मुलाचं त्याच्या मूळ घराशी नातं कसं सांभाळायचं, यावर पुष्कळ भर असतो. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, ते जसंच्या तसं उचलून चालणार नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्याकडे सगळीकडे यावी, असं मला मनापासून वाटतं. तिथे वर्ग दोघं मिळून घेतात, एक समाजकार्यकर्ती आणि एक असे पालक, ज्यांनी स्वतः अशी मुलं वाढवली आहेत. तुमच्या कार्यशाळेतही दत्तक पालक बोलायला येणार असतील, तर जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठा आणि भाषणात जे सांगत नाहीत ते विचारा. पहिल्या महिन्यात सर्वांत वाईट रात्र कुठली होती? तेव्हा कोणाला फोन केला? आणि कोणी मोठी झालेली दत्तक मुलगी किंवा मुलगा येणार असेल, तर बाकी सगळं सोडून त्यांच्यासमोर बसा.

सासूबाईंकडे येते. "आधी मूल येऊ दे, मग शिकवा" हे त्या त्यांच्या अनुभवातून बोलतात, त्यात वावगं काही नाही. पण मूल आल्यावर शिकायला वेळ नसतो, आणि पहिले आठवडेच सर्वांत नाजूक. या काळात मुलाला भरवणं, अंघोळ, झोपवणं हे शक्यतो तुम्ही दोघांनीच करायचं असतं. सतरा हातांत फिरलेल्या मुलाला "ही माझी माणसं" हे कळायला दोनच चेहरे लागतात. आता विचार करा, मूल घरी आलं आणि आजीने हौसेने हात पुढे केले तेव्हा तुम्ही "आई, थोडं थांबा" म्हणालात तर त्यांना काय वाटेल? सून मूल लपवते, असंच वाटेल. म्हणून हे त्यांना संस्थेच्या ताईंच्या तोंडून ऐकू द्या. आजी-आजोबांसाठी वेगळी बैठक ठेवता का, असं विचारा. काही संस्था ठेवतात. बारसं, शंभर पानांची पंगत, जावळ, कान टोचणं हे सगळं तीन-चार महिने लांबणीवर टाकायचं. पेढे वाटा, मूल वाटू नका.

आणि सांगण्याबद्दल. आजी म्हणतात, जाणतं होईपर्यंत सांगायचं नाही. पण दोन ते चार वर्षांच्या मुलापासून लपवणार काय? ते स्वतः गाडीत बसून तुमच्या घरी आलेलं असणार. त्याला सगळं ठाऊक आहे, फक्त त्याच्याकडे शब्द नाहीत. शब्द आपण दिले नाहीत तर ते शेजारची पोरं देतील, नाहीतर लग्नात कोणी दूरची मावशी देईल. संस्थेतले फोटो मागून घ्या आणि एक छोटा अल्बम करा. ही तुझी मावशी, हा तुझा पाळणा, इथे आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तू बाबांना बघून रडलास. रोजची गोष्ट सांगतात तशी सांगत जा. सहा-सात वर्षांचं झालं की ते विचारेल, "मी तुझ्या पोटात नव्हतो, तर कोणाच्या होतो?" तेव्हा "तुला टाकलं" हा शब्द घरात कोणीही उच्चारायचा नाही, आजीनेही नाही. "तुझ्या जन्मदात्या आईला तुला सांभाळणं जमणार नव्हतं. त्यात तुझं काही चुकलं नव्हतं." माहीत असेल तेवढंच सांगायचं, माहीत नाही ते नाही म्हणायचं. कायद्यानेही मुलाला मोठेपणी आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करता येतो, जन्मदात्या आईची ओळख मात्र तिच्या संमतीशिवाय उघड करत नाहीत. त्या दिवशी तुम्ही त्याच्या सोबत जाल की ते लपूनछपून जाईल, याची सुरुवात त्या अल्बमपासून होते.

आपल्या कानांत दत्तक हा शब्द दोन वाटांनी आलेला आहे, हे मला सासूबाईंशी बोलता आलं असतं तर सांगितलं असतं. एक वाट इतिहासाच्या पुस्तकातली. १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचा दत्तक वारस नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं. तिथे दत्तक म्हणजे गादी, वंश, नाव चालवणं. मूल मोठ्यांच्या गरजेसाठी यायचं. दुसरी वाट पुण्याची. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी आपला केला. तो यशवंत पुढे शिकून डॉक्टर झाला. तो कोणाचा, हे त्यांनी जगापासून लपवलं नाही. आजचा कायदा या दुसऱ्या वाटेने चालतो. संस्था घर शोधत असते ते त्या मुलासाठी, म्हणूनच घराने तयार व्हावं, अशी तिची अपेक्षा असते.

फॉस्टर केअरचं उत्तर थोडक्यात. लवकर मूल मिळवण्याचा रस्ता म्हणून तिकडे अजिबात वळू नका. फॉस्टर केअर म्हणजे मूल सांभाळायला घेणं. बऱ्याच मुलांचे आई-बाप हयात असतात, अडचणीत असतात, आणि मूल परत जाऊ शकतं. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही सोय सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. मूल दत्तकासाठी मोकळं असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर ते दत्तक घेता येतं, हे खरं. पण आज ना उद्या आपलं होईल, या आशेवर ज्याने मूल घेतलं आणि ते आपल्या आईकडे परत गेलं, त्या घराची काय अवस्था होते ते मी जवळून पाहिलं आहे. सहा-आठ वर्षांच्या मुलाला काही काळ मायेचं छत देणं, ते परत गेलं तर आनंदाने पाठवणं, हे तुम्हाला मनातून हवं असेल तर जरूर करा, फार मोठं काम आहे ते. त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागेल. आणि त्या ओळखीच्या बाई किंवा दुसरं कोणी "दवाखान्यातून थेट मूल मिळवून देतो" म्हणालं, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. तो गुन्हा आहे, आणि त्यात कोणा आईचं मूल तिच्या संमतीविना गेलेलं असू शकतं.

निरोगी, लहान मुलासाठी हल्ली तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. तुमची दोन झाली. उरलेल्या काळात ऑफिसात रजेबद्दल लेखी बोलून घ्या, दोघांच्याही. मूल आल्यावर निदान दोन महिने कोणीतरी एक पूर्ण वेळ घरी हवं, आणि त्यातले पंधरा दिवस तरी ते बाबा असावेत.

आणि सासूबाईंना एक काम द्या, आजच. तुमच्या दोघींच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आणि मिस्टरांचा एखादा जुना लेंगा-शर्ट काढून त्यांना लहानशी गोधडी शिवायला सांगा. झाली की ती तुम्ही तिघांनी आळीपाळीने पांघरा, अंगाखाली घ्या, उशाशी ठेवा. मूल ठरलं की संस्थेला विचारून ती आधीच पाठवून द्या, मावश्या त्याच्या पाळण्यात घालतील. तुमच्या घराचा वास त्याला तुमच्याआधी कळेल. घरी येताना ते तीच गोधडी घेऊन येईल आणि त्या दिवशी तिला संस्थेचा वास असेल. काही दिवस ती धुऊ नका.